गुण्या घेताना पालथा करून बघा, माझे ११,१५० रुपये गेले

नावाजलेल्या कंपनीच्या डबीत बनावट माल कसा खपवतात ते नव्याने सांगायला नको. तरी १२ इंची गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं सुतारी हत्यार, ६५० रुपयांना घेतला, तोही बिलाशिवाय. "बिल हवं तर १८ टक्के वर पडतील," दुकानदार म्हणाला. तिथेच निघायला हवं होतं.

तपासला नाही असं कुणी म्हणू नये. पातं दांड्यात घट्ट होतं, आकडे कोरलेले होते, डबीवर होलोग्राम होता. दुकानदाराने दुसरा गुण्या काढून यावर ठेवला, दोन्ही तंतोतंत जुळले. संताप होतो तो याच क्षणाचा! एकाच लॉटचे, एकाच बाजूला कललेले दोन गुण्ये एकावर एक जुळणारच. तेच काउंटरच्या सरळ कडेवर पाठीला पाठ लावून उभे केले असते, तर मधली फट तिथेच दिसली असती.

दुसरा गुण्या नसला तरी अडत नाही. प्लायची कंपनीची सरळ कड घ्या, दांडा तिला घट्ट टेकवा, पात्याला लागून बारीक रेघ मारा. गुण्या पालथा करून त्याच खुणेपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकच दिसल्या पाहिजेत. इथे ३०० मिमीला ३ मिमी अंतर पडलं. पालथा केल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरी १.५ मिमी. पण तीच रेघ पट्टीने ७ फूट वाढवली की साडेदहा मिमीच्या वर जाते. कपाटाचं शटर, म्हणजे दार, कसं बसणार? बिजागऱ्या फिरवून एवढा फरक निघत नाही. वाया गेलं ते असं: १८ मिमी प्लायच्या २ शीट ६,२००, लॅमिनेट २,३००, मजुरी २,००० आणि गुण्याचे ६५०.

लेव्हल, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, काचेवर ठेवून बुडबुडा मधोमध दाखवतात, त्याला काही अर्थ नाही. त्याच जागी टोकं उलटसुलट करा, बुडबुडा पुन्हा तिथेच यायला हवा.

मापं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात पहिल्यांदा साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्यांदा ऐकलं, "वजन-लांबीचं असेल तर बोला, कोन आमच्याकडे येत नाही." तिसऱ्यांदा बिल मागितलं. पोलीस चौकीत, "साडेसहाशेसाठी आलात?" प्लायचा हिशोब दाखवला तर म्हणाले नुकसान सिद्ध करा. अर्जावर पोचेचा शिक्कासुद्धा दिला नाही! चार खेपांत चार दिवसांचा रोज बुडाला, आणि तोच माल त्या दुकानात अजून टांगलेला आहे.

मोजायच्या टेपच्या टोकाचा हूक हलतो म्हणून टेप नाकारू नका. तो स्वतःच्या जाडीएवढा सरकायलाच हवा, त्यावरच आतलं आणि बाहेरचं माप जुळतं. त्याहून जास्त हलला तर ठेवून द्या. पातीवर रोमन दोनचा आकडा (II) बघा, तो अचूकतेचा वर्ग. त्या वर्गात ५ मीटरला १.३ मिमीपर्यंतच फरक चालतो.

आणि बिल घ्याच. ६५० वर १८ टक्के म्हणजे ११७ रुपये होते.