रविवारची प्रयोगशाळा : एका देणगीदाराचे परीक्षण

मराठवाड्यातील एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात दर रविवारी आसपासच्या गावांतील अकरावी-बारावीच्या आणि बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या मुलींसाठी प्रयोगशाळा उघडी ठेवली जाते. जागा व उपकरणे विद्यापीठाची, खर्च एका धर्मादाय न्यासाचा, आणि त्या न्यासाला दोन वर्षांपासून देणगी देणाऱ्यांपैकी मी एक. पैसे दिले, पावती घेतली आणि विसरून गेलो, असे पहिल्या वर्षी माझेही झाले. यंदा मात्र एक अख्खा रविवार मी तेथे बसून काढला.

त्या दिवशी मुलींनी घरच्या बोअरचे पाणी बाटल्यांत भरून आणले होते आणि त्याची कठीणता, म्हणजे त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, मोजायची होती. पाण्यात आम्लता स्थिर ठेवणारे अमोनियाचे बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हे रंगदर्शक घातले की ते मद्यासारखे लाल दिसते. ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या मापनळीतून, त्या क्षारांना बांधून घेणारे ईडीटीएचे द्रावण थेंबथेंब सोडत गेले की जांभळट छटा येऊन शेवटी स्वच्छ निळे होते, आणि तोवर किती द्रावण लागले यावरून कठीणता कळते. एका मुलीचा निळा रंग आल्यावरही तोटीवरचा हात सुटला नाही, वाचन वाया गेले, आणि कुणी काही म्हणण्याआधीच तिने फ्लास्क धुऊन पुन्हा सुरुवात केली. प्रात्यक्षिक म्हणजे दुसऱ्याचे जर्नल उतरवून काढणे, अशी ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत रीत पडली आहे, तेथून आलेल्या मुलींना चुकण्याची ही मुभा मिळते, यातच माझी देणगी वसूल झाली.

न्यासाचा सर्वांत शहाणपणाचा खर्च मात्र प्रवासाचा आहे. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण तो गाव ते शाळा एवढ्याच मार्गाचा. विद्यापीठापर्यंत यायचे तर मार्च २०२३ पासून महिलांना लागू झालेले अर्धे तिकीट तरी काढावेच लागते, आणि ते न्यास हातात रोख देतो. राज्य शासनाने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, हे उत्तमच झाले. तथापि त्या माफीत खोलीभाडे आणि खानावळ येत नाही, आणि पुढे शिकायचे की नाही हे बहुतेक घरांत तेथेच ठरते.

कंपन्यांचे दान वेगळ्या वाटेने येते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि शिक्षण त्यात बसते. नाव कोरलेली पाटी लावता येईल अशी वस्तू देण्याकडे त्यांचा ओढा दिसतो. याच प्रयोगशाळेत एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणारे उपकरण, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवलेले आहे. पाटी चकचकीत आहे, आतला दिवा गेलेला आहे, आणि नव्या दिव्यासाठी तरतूद कुणाच्याच अंदाजपत्रकात नाही.

तक्रारी आणखी आहेत. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०जीच्या, म्हणजे देणगीवरील, करसवलतीसाठी लागणारे १०बीई हे देणगीचे प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत मिळायला हवे होते, ते तीन वेळा फोन केल्यावर ऑगस्टमध्ये हाती पडले. वार्षिक अहवालात पाहुण्यांची छायाचित्रे भरपूर आहेत. किती मुली बारावीनंतर विज्ञानात टिकल्या, याची एक ओळही नाही. सोयाबीनच्या काढणीत अर्ध्या मुली येऊ शकत नाहीत हे ठाऊक असूनही त्या महिन्याचे वेळापत्रक बदलले गेले नाही. आणि सर्वांत लाजिरवाणी बाब म्हणजे रविवारी इमारतीतील महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते. किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी फाटकापाशी. सोळा वर्षांच्या मुलीने दर वेळी तेथपर्यंत जाऊन ती मागावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

शिकवण्याला पाचपैकी पाच, व्यवस्थेला दोन. देणगी मी थांबवणार नाही. मात्र यंदाच्या धनादेशासोबत, ही रक्कम केवळ एसटीचे तिकीट, रसायने आणि त्या एका दिव्यासाठी वापरावी, असे लेखी दिले आहे, आणि किल्लीची दुसरी प्रत करून प्रयोगशाळेतच टांगण्याची विनंतीही त्याच पत्रात आहे.