कोकणात व्हॅनवर सोलर: एक पावसाळा काढल्यावर

बॅटरी कुठली आणि पॅनल कुठलं, यावरच सगळ्यांची चर्चा रंगते. पावसाळा धरून काही महिने रत्नागिरी-सिंधुदुर्गात व्हॅन फिरवल्यावर माझं मत असं, की ती दोन्ही आपलं काम करतात. किनाऱ्यावर दगा देतात ते वायरींचे सांधे.

माझ्याकडे १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, टपावर १०० वॉटची दोन पॅनलं आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलांतून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारा डबा) आहे. पॅनलं पॅरललमध्ये जोडलीत, कारण इथे गाडी लागते ती माडाखाली. एकावर झावळीची सावली आली तरी दुसरं चालू राहतं.

आता वायर. साध्या तांब्याची वायर खाऱ्या वाऱ्यात हिरवी पडते, आणि ती हिरवळ कव्हरच्या आतून सरकत जाते, बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून कथिलाचा मुलामा असलेली, बोटींवर वापरतात ती वायर घेतली. थिंबलं, म्हणजे वायरच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या टोप्या, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतली, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. महाग पडलं, पण एकही टोक अजून काळवंडलेलं नाही. जाडीतही कंजूषी नको: १० अँपिअर, ५ मीटर अंतर, तर २.५ स्क्वेअर एमएममध्ये जाता-येता पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. ६ मध्ये जेमतेम ०.३. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी खेटून, यात तडजोड नाही.

मे महिन्यात संध्याकाळच्या आत बॅटरी भरायची. जुलैच्या झडीत मात्र फ्रिज खातो तेवढंही पॅनलं देत नाहीत. तेव्हा तारलं ते डीसी-डीसी चार्जरने; गाडी चालू असताना तो इंजिनावरच्या अल्टरनेटरची वीज घेऊन ही बॅटरी भरतो. २० अँपिअरचा आहे, म्हणजे तासाभराच्या ड्रायव्हिंगमध्ये पाचवा हिस्सा भरतो. चिपळूणहून मालवणला पोचेपर्यंत बरंचसं काम होतं. अल्टरनेटर थेट जोडू नका, लिथियम इतका करंट ओढते की तो तापतो.

व्होल्टमीटरवर विसंबण्यातही अर्थ नाही. या बॅटरीत सत्तर आणि चाळीस टक्क्यांतला फरक जेमतेम दशांश व्होल्टचा असतो. निगेटिव्हवर शंट (येणारा-जाणारा करंट मोजणारा तुकडा) बसवला की खरा हिशोब कळतो.

बॅटरीच्या विजेवर घरगुती उपकरणं चालवणारा इन्व्हर्टर मी बसवलेला नाही. पंखा, दिवे, लॅपटॉप सगळं १२ व्होल्टवर चालतं. सोलकढीचा नारळ मिक्सरवरच वाटायचा असेल तर इन्व्हर्टर घ्या, पण मग बॅटरीपासूनची वायर आणखी जाड लागेल.