मोनोसेक्स चिलापीचं बीज: घ्यावं, पण शाई लावून तपासून

यंदा शेततळ्यात मोनोसेक्स, म्हणजे सगळे नरच असलेल्या, ‘गिफ्ट’ या सुधारित वाणाच्या तिलापिया माशाचं बीज सोडलं. आमच्या उजनीच्या काठाला सगळे याला चिलापीच म्हणतात. चिलापी म्हटलं की धरणातली तळहाताएवढी मासळी डोळ्यांपुढे येते आणि ही जातच खुरटी, असं लोक धरून चालतात. तसं नाही. मादी लहान वयातच अंड्यावर येते, अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. खाल्लेलं सगळं अंड्यांत गेलं तर अंग धरणार कशानं? त्यात तळं पिल्लांनी भरतं आणि खाद्याला वाटेकरी वाढतात.

म्हणून सगळे नर हवेत. पिल्लू जेमतेम १ सेंटिमीटरचं असतं, नुकतं खायला लागलेलं, तेव्हापासून हॅचरीत, म्हणजे बीज तयार करतात तिथं, त्याला किलोमागे ६० मिलिग्रॅम मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन मिसळलेलं खाद्य २१ ते २८ दिवस देतात. अंडाशय होणार की वृषण, हे याच वयात ठरतं. हार्मोन वेळेवर मिळालं की मादी होणारं पिल्लूही नर होतं. थोराड पिल्लं घेतली तर वेळ निघून गेलेली असते.

माझ्या बीजात खोट निघाली ती नेमकी इथंच. पिशव्या सोडल्या तेव्हाच लहान-मोठी बोटुकली एकत्र दिसली. मासे ५० ग्रॅमच्या पुढे गेल्यावर जाळं ओढलं आणि गुदद्वाराच्या मागे निळी शाई बोटानं चोळून पाहिली. गुदद्वार धरून नराला दोन छिद्रं, मादीला तीन. मादीची मधली आडवी चीर शाईत लख्ख उठते. दर दहांत एक मादी निघाली. इतक्या माद्या चालत नाहीत. हॅचरीवाल्यांना फोटो पाठवले, पण भरपाईचं नाव नाही.

नरांबद्दल मात्र तक्रार नाही. सहा महिन्यांत बरेचसे अर्ध्या किलोला आले. थंडीत पाणी गार पडलं तेव्हा खाणं मंदावलं, तेवढंच.

बीजाबरोबर वाढीची पावडरही गळ्यात मारायला बघतात, ती घेऊ नका. वाढीचं हार्मोन माशाची मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी स्वतःच सोडते. त्याच्या हुकमावर यकृत आयजीएफ-१ नावाचं वाढीचं दुसरं हार्मोन बनवतं आणि त्यानं मांस चढतं. मासा उपाशी असेल तर रक्तात पिट्युटरीचं हार्मोन वाढतं, पण यकृत दाद देत नाही. तेच पैसे चांगल्या खाद्यावर आणि एरेटरवर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्रावर, घाला.

गिऱ्हाईक विचारतं, हार्मोनचा मासा खायचा का? खुशाल खा. ते खाद्य बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत औषध अंगातून निघून जातं आणि मासा बाजारात येतो त्यानंतर कित्येक महिन्यांनी. मला काळजी आहे ती हॅचरीत उघड्या हातांनी ते खाद्य कालवणाऱ्या पोरांची.

पाचपैकी साडेतीन तारे. पुढचं बीज दुसरीकडून घेणार, आणि पिल्लं किती मिलिमीटरची असताना हार्मोन सुरू केलं हे बिलावर लिहून घेणार. चिलापी पाळायची परवानगी मत्स्यव्यवसाय खात्याकडून आधीच काढून ठेवा.