श्नाउझरचे केस: चिमटीने काढायचे की मशीन फिरवायची?

आमचा स्टँडर्ड श्नाउझर जातीचा कुत्रा ४८ सेंटीमीटर उंच, अंगावर काथ्यासारखे राठ केस. मशीनने काम झटपट होतं, पण मेलेले केस मुळाशी तसेच राहतात, मऊ लव वर येते आणि करडा रंग फिका पडतो. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून, वाढीच्या दिशेने ओढले की नवे केस राठच येतात. वेळ फार जातो. मी रोज संध्याकाळी थोडं थोडं करते.

पावसाळ्यात मुठेकाठी फिरून आलो की फरक कळतो. राठ केसांवरचा चिखल वाळून ब्रशने झडतो, मऊ केसांत गुठळ्या धरतो. कुत्रा म्हातारा असेल, कातडी नाजूक असेल, तर मात्र मशीनच बरी. दाढी काय, केस कसेही काढा, जेवणानंतर पुसावीच लागते.