विमानप्रवासाच्या थीमची निरोपाची मेजवानी: सजावट उत्तम, मीठ चढे

परदेशी निघालेल्या मैत्रिणीला निरोप देण्यासाठी आम्ही ‘विमानप्रवास’ या थीमवर मेजवानी ठरवली आणि तिची सगळी व्यवस्था एका आयोजकाकडे सोपवली. त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण काम एकंदरीत मनापासून केलेले होते.

छपाईला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. निमंत्रणपत्रिका बोर्डिंग पासच्या आकाराच्या होत्या. प्रत्येक पत्रिकेवर पाहुण्याचे नाव आणि आसनक्रमांक छापलेला होता, आणि कडेचा तुकडा दारात खरोखरच फाडून घेतला जात असल्यामुळे एरवी घाईत असणारी मंडळीही रांगेत मुकाट्याने उभी राहिली.

बैठकव्यवस्था मात्र साफ फसली. विमानाचा भास व्हावा म्हणून खुर्च्या एकामागे एक लावून मधून ट्रॉली फिरवली जात होती, आणि उत्सवमूर्ती पहिल्या रांगेत बसल्यामुळे जिच्याशी बोलायला सगळे जमले होते तिचा फक्त अंबाडा आमच्या वाट्याला आला. अखेर लोकांनी खुर्च्या फिरवून घेतल्या, ट्रॉलीची वाट अडली, तरी वाढणाऱ्यांनी कपाळाला आठी न घालता ताटे हातोहात पोहोचवली, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

जेवणाची गोष्ट अधिक मजेदार आहे. उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब साधारणपणे ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असावा तितका राखलेला असतो आणि आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली उतरते. कोरड्या पडलेल्या नाकाला वास नीट लागत नाही, अन्न फिके वाटते, म्हणून विमानातल्या पदार्थांत मीठमसाला थोडा चढाच ठेवतात. आचाऱ्याने हे तंत्र प्रामाणिकपणे पाळले, परंतु आम्ही जमिनीवर बसलो होतो. टोमॅटोच्या सूपचा पहिला घोट घेताच सगळ्यांचे हात पाण्याच्या पेल्याकडे गेले. वैमानिकाच्या थाटातल्या घोषणा पहिल्यांदा गमतीच्या वाटल्या, पण मनोगतांच्या मध्येच त्या सुरू होऊ लागल्यावर ध्वनिक्षेपक बंद करावासा वाटला.

दोन सूचना मात्र अनुभवी माणसालाच सुचतील अशा होत्या. बऱ्याच विमान कंपन्या इकॉनॉमी वर्गात एका बॅगेला २३ किलोपर्यंतच मुभा देतात, आणि हातातल्या सामानात १०० मिलिलीटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली अनेक विमानतळांवर चालत नाही. म्हणून भेटवस्तूंऐवजी लाल-निळ्या काठाची पत्रे लिहिण्याचे टेबल त्यांनी मांडले, जे शेवटपर्यंत रिकामे पडले नाही. शिवाय उड्डाणाच्या आदल्या रात्री मेजवानी नको, हा आग्रह त्यांनी धरला होता. त्यामुळे आमची मैत्रीण बॅगांची चिंता सोडून अखेरच्या पाहुण्यापर्यंत निवांत बसली, आणि मीठ जास्त झाल्याचे आचाऱ्याला हसत हसत सांगून आली तीही तीच.