टीडीएसचं पेन २ स्टार, लॅबची मेटल टेस्ट साडेतीन

आम्ही टिटवाळ्याला राहतो, काळू नदीपासून चालत दहा मिनिटं, सोसायटीला बोअर आहे. खाली आंबिवलीच्या बाजूला नदीत पारा जायचा हे ऐंशीच्या दशकापासून ऐकतोय, म्हणून एकदा काय ते चेक करू म्हटलं आणि आधी ऑनलाईन टीडीएसचं पेन मागवलं, साडेतीनशे रुपये. पेन चांगलंय, बटण दाबलं की आकडा येतो, २८०, म्हणजे लिटरला २८० मिलिग्रॅम. सगळे खूश. पण अहो ते पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतं, तेही विजेच्या वाहकतेवरून अंदाज लावून, आणि शिशाची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम! २८० च्या आकड्यात ते कुठे दिसणार? मेटलसाठी हे पेन घेऊ नका. आणि तो आरओवाला घरी येऊन पाण्यात दोन रॉड घालून पाणी तपकिरी करून दाखवतो ना, ते बहुतेक त्याच्याच लोखंडी रॉडचं गंजलेलं असतं, घाबरू नका.

मग लॅब. नाव नाही लिहीत, भांडण नको. पॅकेज अडीच हजार, शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल. पहिल्यांदा मुलगा आला आणि बिसलेरीच्या जुन्या बाटलीत पाणी भरायला लागला, मी म्हटलं अरे दादा, मेटलच्या सॅम्पलला आधी नायट्रिक अॅसिड लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि रिपोर्ट उगाच छान येतो. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी अॅसिडवाली बाटली घेऊन आला, तक्रार न करता, त्याचे मार्क दिले.

रिपोर्ट आठवड्यात आला, सगळीकडे "आढळले नाही". बायको म्हणाली झालं ना? नाही झालं. पाऱ्यासमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं की त्यांचं मशीन लिटरला ०.००५ मिलिग्रॅमच्या खालचं पकडतच नाही, आणि आयएस १०५०० ची, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची, मर्यादा ०.००१! म्हणजे मर्यादेच्या चौपट पारा असता तरी "आढळले नाही" च आलं असतं. तुम्ही टेस्ट करताना हे आधी विचारा, आम्ही भांडून पारा दुसऱ्या मशीनवर परत करून घेतला, तेव्हा तो खरंच मर्यादेच्या खाली निघाला.

आता माझी खरी तक्रार. काउंटरवर विचारलं, मग नदीतली मासळी खायला हरकत नाही ना, तर मॅडम म्हणाल्या "पाणी क्लीन आहे सर". अहो, ते बोअरचं पाणी! आणि नदीच्या पाण्याचा रिपोर्ट असता तरी धातू पाण्यात फार राहत नाहीत, गाळात बसतात, तिथले जीवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा, म्हणजे अंगात साठत जाणारा विषारी प्रकार, करतात, तो किड्यांत, किड्यांतून छोट्या माशांत, मग मरळीत आणि मासे खाणाऱ्या खंड्यात, पाणकावळ्यात, प्रत्येक पायरीला वाढत जातो. जपानात मिनामाताला तेच झालं, १९५६ मध्ये पहिल्यांदा लक्षात आलं, आणि त्याच्या आधी गावातली मांजरं वेडीवाकडी नाचून मरत होती, मासे खाऊन. शिजवून, उकळून हा पारा जात नाही, कालवण कितीही झणझणीत करा.

गाळाची आणि मासळीची टेस्ट यांच्याकडे होत नाही, विचारलं. साडेतीन स्टार फक्त पाण्यासाठी. सासरे अजून रविवारी नदीतले शिंगट्या मासे घेऊन येतात, "रिपोर्ट आला ना चांगला" म्हणतात.