भाव ग्रॅमचा होता, सांगितला पुडीचा

बेळगावच्या बसस्थानकावर कुणी ‘गाव कुठलं तुमचं?’ म्हणत जवळ आला आणि नवऱ्याच्या पोटाकडे बघून मूलबाळाची चौकशी करू लागला, तर तिथूनच वाट बदला.

आम्हाला भेटलेला माणूस आपल्याच मराठीत बोलत होता. येळ्ळूरला मामाचं घर आहे म्हणाला. मग हळूच, ‘माझ्या मेव्हण्याचंही वजन असंच होतं, शुक्राणूंचा काउंट कमी होता, शहापुरातल्या एका वैद्यानं गुण दिला.’ कचेरीत कानडीशी झटापट करून आलेल्या माणसाला आपली बोली ऐकली की बरं वाटतं. हे लोक ते पक्कं ओळखून असतात.

वैद्यानं आमच्या ह्यांची नाडी धरली, ‘चरबीनं धातू (म्हणजे वीर्य) अडवलाय’ म्हणाला आणि चिठ्ठी दिली. स्वतःची फी घेतली नाही. शेजारच्या दुकानात भाव विचारला तर ‘साडेतीनशे’. पुडीचा, असंच कुणालाही वाटेल. दुकानदारानं सोनाराकडे असतो तसला काटा काढला, तीन-चार भस्मं खलात ओतली, घोटली आणि मग तोंड उघडलं: भाव ग्रॅमचा. १२० ग्रॅमचे ४२,००० रुपये. ‘आता मिसळलं, परत घेता येत नाही.’ दारात दोघं उभे. त्यांचा एक जण एटीएमपर्यंत सोबत आला. पावतीवर दुकानाचं नाव नाही, औषधाचं नाही, नुसता आकडा.

चीड याची येते की वजनाचं म्हणणं खोटं नव्हतं. नंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी सांगितलं, चरबीतलं अॅरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं इस्ट्रोजेन हे बायकी संप्रेरक करतं, मग मेंदूकडून वृषणांना मिळणारा इशाराही मंदावतो. वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. आमचे हे उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीपाशी उभे असतात, त्यात मांड्यांची चरबी. फार कमी वजनही वाईटच. पण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, तेव्हा ‘पंधरा दिवसांत काउंट दुप्पट’ हे वैद्यानं सांगितलेलं होणारच कसं?

वैद्यानं वीर्यतपासणीचं नावही काढलं नव्हतं. ती २ ते ७ दिवस संबंध न ठेवता करतात आणि एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत किमान आकडा मिलिलिटरला १.६ कोटी आहे. त्याखाली आला म्हणजे मूल होणारच नाही असंही नाही. (माझ्या तपासण्या वर्षानुवर्षं चालल्या, ह्यांची ही पहिलीच. सासूबाईंचे नवसही माझ्याच नावानं. जाऊ दे.) भस्म डॉक्टरांनी तिथल्या तिथे बंद करायला लावलं: असल्या पुड्यांत शिसं निघू शकतं आणि शिसं शुक्राणूंनाच मारक. जिममधल्या पोरांनीही ऐका, बाहेरून टोचलेल्या टेस्टोस्टेरॉननं शुक्राणू वाढत नाहीत, उलट बनायचेच थांबू शकतात.

लठ्ठपणा किंवा नपुंसकता बरी करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, प्रमाणपत्र भिंतीवर दिसायला हवं. दिसलं नाही तर हात पुढे करू नका.

आम्ही पोलिसांत तक्रार दिलीय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही सांगता येतं. एटीएमची स्लिप, उरलेली पुडी आणि चिठ्ठी फेकू नका. आमच्या तक्रारीला तेवढाच आधार आहे.